आधी सावली बघा

वाईच्या गणपती घाटावर शनिवारी दुपारी बारा वाजता मी सगळ्यांना कॅमेरे पिशवीत ठेवायला सांगते. मंडळी पहाटे उठून पुण्या-मुंबईहून, कोल्हापुराहून आलेली असतात. समोर ढोल्या गणपतीचं देऊळ, कृष्णेचं पाणी, पायऱ्यांवर वाळत घातलेल्या साड्या. हात शिवशिवत असतात. तरी पहिला अर्धा तास कुणी एकही फोटो काढायचा नाही, फक्त सावल्या बघायच्या. देवळाची सावली कितव्या पायरीपर्यंत आली आहे? पायरीच्या कडेखालची काळी रेघ किती जाड आहे? कमानीत बसलेल्या आजोबांच्या चेहऱ्यावरचा उजेड थेट वरून येतोय की समोरच्या फरशीवरून उसळून?

फोटोग्राफी या शब्दाच्या मुळाशी ग्रीक भाषेतला उजेड आहे. मराठीने मात्र या विद्येचं नाव ठेवताना छाया उचलली, छायाचित्र म्हटलं. शिकणाऱ्याच्या दृष्टीने आपलं नाव मला जास्त उपयोगी वाटतं. उजेड सगळीकडे असतो, त्यामुळे तो दिसत नाही. सावलीला मात्र कडा असते, दिशा असते, गडदपणा असतो. ती बघितली की उजेड कुठून येतो आणि किती कडक आहे ते लगेच कळतं. दोन दिवसांच्या कार्यशाळेत एवढी एक सवय डोळ्यांना लागली तरी पैसे वसूल झाले असं मी मानते. बाकीची बटणं पुस्तक वाचूनही येतात.

सवय लावायचा सोपा मार्ग घरीही करता येतो. एक हात लांब करून तळहात चेहऱ्यासमोर धरा आणि जागच्या जागी हळूहळू पूर्ण वळसा घ्या. तळव्यावरच्या रेषा कधी ठळक होतात, कधी पुसट होतात, ते बघत राहा. रेषा ठळक होतात तेव्हा उजेड बाजूने येतो आहे. पुसट होतात तेव्हा तो समोरून येतोय किंवा सावलीत सगळीकडून सारखा येतोय. ज्याचा चेहरा टिपायचा आहे त्याला कुठे उभं करायचं हे हाच तळहात सांगतो. वाईत एका बाईंनी हे केल्यावर तडक जाऊन आपल्या यजमानांना उन्हातून ओसरीच्या कडेला ओढलं, आणि पुढचा फोटो बघून म्हणाल्या, "अहो, तुमचे डोळे पहिल्यांदाच दिसले!"

ही कार्यशाळा मी डिसेंबर-जानेवारीतच घेते, आणि त्यामागे थंडीपेक्षा सावलीचा हिशेब आहे. वाईच्या अक्षांशावर मेच्या मध्याला दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावली होते, आणि माणसांच्या डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात. डिसेंबरात तोच सूर्य भर दुपारीही दक्षिणेकडे कललेला असतो. आपली सावली जवळजवळ आपल्या उंचीइतकी लांब पडते. म्हणजे हिवाळ्यातली दुपारसुद्धा फुकट जात नाही. उन्हाळ्यात कार्यशाळा ठेवणाऱ्यांनी निदान अकरा ते चार या वेळात शिकणाऱ्यांना घराच्या आत, खिडकीशी काम द्यावं.

आता कार्यशाळा निवडण्याबद्दल. शनिवार-रविवारच्या फोटोग्राफी सहली आजकाल भरपूर निघतात. त्यांतल्या पुष्कळ मुळात पर्यटनाच्या असतात, सोबत एक छायाचित्रकार येतो एवढंच. नाव नोंदवण्याआधी दोन प्रश्न विचारा. एका शिकवणाऱ्यामागे किती जण? दहाच्या वर आकडा गेला तर तुमच्या वाट्याला फारसं काही येणार नाही. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: काढलेले फोटो एकत्र बसून बघायला किती वेळ ठेवला आहे? उत्तर "वेळ उरला तर" असं आलं, तर ते पैसे वाचवा आणि एखाद्या मित्राबरोबर स्वतःच दोन दिवस कुठेतरी जा. फोटो काढणं आपण एकटेही करतो. आपला फोटो दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघणं एकट्याने होत नाही, आणि कार्यशाळेची खरी किंमत तिथे आहे.

येताना नवी लेन्स विकत घेऊन येऊ नका. आहे तो कॅमेरा, एकच लेन्स, दोन बॅटऱ्या, रिकामं कार्ड. नुसता मोबाइल असेल तरी चालतो. ए४ आकाराची उत्तम प्रिंट काढायला जेमतेम ९ मेगापिक्सेल लागतात आणि आजचे बहुतेक मोबाइल १२ च्या पुढे आहेत. त्यापेक्षा स्वतःचे दहा बिघडलेले फोटो बरोबर आणा. हलले, काळे पडले, रंग विचित्र आला, का कोण जाणे पण कंटाळवाणे झाले, असे. "मला फोटोग्राफी शिकायची आहे" म्हणणाऱ्याला दोन दिवसांत काय द्यावं हे मला सुचत नाही. "घरातल्या वाढदिवसाचे माझे फोटो नेहमी हलतात" म्हणणाऱ्याला मी अर्ध्या तासात मार्ग दाखवू शकते.

तोच प्रश्न घेऊ. फोटो हलतो कारण कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे शटर, फार वेळ उघडा राहतो. घाटावर धुणं धुणारी बाई कपडा दगडावर आपटते तेव्हा उडणारे थेंब हा या धड्याचा सगळ्यांत चांगला फळा आहे. शटर १/३० सेकंदावर ठेवा: थेंबांच्या पांढऱ्या रेघा येतात, हातही विरघळतो. १/१००० वर न्या: एकेक थेंब हवेत मोती होऊन थांबतो. पण १/३० वरून १/१००० वर जाताना उजेड पाच वेळा निम्मा झाला, म्हणजे पाच स्टॉप गेले. ते कुठून तरी भरून काढायला हवेत. एक तर आयएसओ १०० वरून ३२०० वर न्या, तोही पाच वेळा दुप्पट. त्याची किंमत म्हणजे चित्रात येणारी रवाळ कचकच. नाही तर अ‍ॅपर्चर मोठं उघडा, एफ ११ ऐवजी एफ ४. त्यातून तीन स्टॉप मिळतात, उरलेले दोन आयएसओकडून घ्या. मात्र मोठ्या अ‍ॅपर्चरमुळे मागचा घाट धूसर होईल. तो हवा आहे की नको, हे तुम्ही ठरवायचं. या तीन आकड्यांचा त्रिकोण वहीत काढून पाठ करणारे पुष्कळ भेटतात. पाण्यापाशी बसून वीस मिनिटं हे आकडे फिरवले की तो पुन्हा पाठ करावा लागत नाही. घरातल्या वाढदिवसाचं उत्तरही इथेच मिळतं: शटर १/१२५ च्या खाली जाऊ देऊ नका, आयएसओ वाढवायला घाबरू नका आणि केकचं टेबल खिडकीजवळ सरकवा. रवाळ फोटो आजी प्रेमाने बघते. हललेल्यात तिला नातू ओळखूच येत नाही.

घाटावरची दुसरी मोठी शिकवण म्हणजे कॅमेऱ्याची फसगत. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोर जे दिसेल ते सरासरीने करडं आहे असं गृहीत धरतो, पडलेल्या उजेडातला सुमारे १८ टक्के परत पाठवणारा करडा. आपल्याकडचे घाट, देवळं, किल्ले काळ्या बेसॉल्टचे. चौकटीत नुसत्या पायऱ्या घेतल्या तर कॅमेरा त्यांना उजळवून करडं करतो, आणि पायरीवर बसलेल्या माणसाचं पांढरं धोतर पार जळून जातं, घडीची एक रेघही राहत नाही. उलट, वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीने चौकट भरली तर चादर मळकट दिसते. उपाय एका बटणात आहे, अधिक-उणे लिहिलेलं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. काळ्या दगडासाठी उणे एक, पांढऱ्या कापडासाठी अधिक एक, इथून सुरुवात करा आणि मग हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, बघा. हिस्टोग्रामचा डोंगर उजव्या भिंतीला आदळून चिकटला असेल तर पांढऱ्यातला तपशील गेला, तो नंतर कशानेही परत येत नाही. मोबाइलवर हेच काम बोटाने होतं: धोतरावर बोट टेकवा, बाजूला सूर्याची खूण येते, ती खाली ओढा. चौकट थोडी काळोखी दिसेल. दिसू दे. बेसॉल्ट काळाच असतो.

ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. सगळे जण ते समोरून टिपतात. मी मंडळींना मागच्या बाजूला नेते. नदीला पूर आला की पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून मागची भिंत माशाच्या आकारात निमुळती केली आहे. दुपार कलू लागली की त्या भिंतीची एक बाजू उजळते, दुसरी सावलीत जाते आणि मधली धार रेखल्यासारखी उभी राहते. बांधणाऱ्याने पाण्यासाठी जे केलं ते फोटोत कसं दाखवायचं? समोरून पडलेल्या उन्हात ती भिंत सपाट दिसते, निमुळतेपण कळतच नाही. धार दिसायला तिची एक बाजू सावलीत असावी लागते. इथे मी फार बोलत नाही. चार वाजता एक फोटो, साडेपाचला त्याच जागेवरून दुसरा, असं सांगते. रात्री दोन्ही शेजारी ठेवले की बोलायची गरज उरत नाही.

संध्याकाळच्या दोन तासांसाठी माझा एक नियम आहे: ३६ फोटो. जुन्या फिल्मच्या रोलमध्ये असायचे तेवढेच. आणि जागेवर एकही पुसायचा नाही. पहिल्या वर्षी हा नियम नव्हता, तेव्हा एकेकाने सहाशे-सातशे फोटो आणले आणि रात्री ते चाळण्यातच जेवण थंड झालं. ३६ म्हटल्यावर माणूस बटण दाबण्याआधी एक पाऊल डावीकडे सरकतो, गुडघ्यावर बसतो, म्हैस चौकटीतून जाईपर्यंत थांबतो. पुसायला मनाई अशासाठी, की चुकलेला फोटो हाच उद्याचा अभ्यास. कॅमेऱ्याच्या तीन इंची पडद्यावर बघून तो फेकून दिला तर रात्री शिकायचं कशातून?

घाट म्हणजे लोकांची न्हाणीघरं आहेत, देवघरं आहेत, आणि कधी कधी दुःखाची जागाही. दहाव्याचे विधी चालले असतील तिकडे कॅमेरा वळवायचा नाही. अंघोळ करणाऱ्या बायका आणि मुलं यांचे फोटो काढायचे नाहीत. लांब लेन्स लावून दुरून चोरून काढणं तर मुळीच नाही. बाकी कुणाचा काढायचा असेल तर जवळ जायचं आणि विचारायचं: "काका, इथे बसलात ते छान दिसतंय, एक फोटो काढू का?" विचारलं की नैसर्गिकपणा जातो अशी तक्रार नेहमी होते. जातो खरा, पण दहा मिनिटांपुरता. दहा मिनिटं गप्पा मारत बसा, काका पुन्हा आपल्या पानसुपारीत रमतात, आणि मग जो चेहरा मिळतो तो चोरलेल्या फोटोत कधीच नसतो. कुणी नको म्हटलं तर नमस्कार करून पुढे जायचं. त्याचं कारण विचारायचं नाही.

रात्री जेवणं झाली की भिंतीवर फोटो लावतो. प्रत्येकाने आपल्या ३६ मधले पाच निवडायचे. ही निवड लोकांना शूटिंगपेक्षा अवघड जाते; आठ-नऊवर अडून बसतात, "हा पण ठेवूया ना ताई" म्हणून विनवतात. मी ऐकत नाही. मग एकेक फोटो लागतो आणि ज्याचा आहे त्याने गप्प बसायचं. बाकीच्यांनी सांगायचं: डोळा आधी कुठे गेला, मग कुठे, आणि काय काढून टाकलं तर बिघडणार नाही. "छान", "मस्त" हे शब्द त्या तासाभरासाठी बंद. काढणाऱ्याने गप्प का बसायचं? कारण तो फोटोत नसलेल्या गोष्टी सांगू लागतो: तिथे किती गार वारा होता, मावशी किती गोड बोलत होत्या. बघणाऱ्याला वारा लागत नाही. त्याला फक्त चौकट दिसते.

एका निवृत्त शिक्षकांचा फोटो मला आठवतो. पाण्यात उभी राहून कळशी भरणारी बाई, मागे सोनेरी पाणी. सरांना तो फार आवडला होता. पहिल्या तिघांनीही एकच सांगितलं, डोळा आधी डाव्या कोपऱ्यातल्या गुलाबी प्लास्टिकच्या पिशवीकडे गेला. सर खुर्चीतून उठून भिंतीपाशी गेले. त्यांना ती पिशवी तोवर दिसलीच नव्हती. काढताना नाही, निवडतानाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते त्याच पायरीवर होते, बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवत. डिजिटल कॅमेऱ्याची खरी देणगी मला ही वाटते. रोल धुऊन येईपर्यंत आठवडा जायचा आणि तोवर चूक कुठल्या घाईत झाली ते विसरायला व्हायचं. आता शनिवारच्या संध्याकाळची चूक रात्री भिंतीवर दिसते आणि रविवारी सकाळी त्याच जागी सुधारता येते. म्हणूनच दोन दिवसांत पाच ठिकाणं फिरवणाऱ्या कार्यशाळेपेक्षा एकाच घाटावर तीनदा नेणारी चांगली.

रविवारी उजाडताना पाण्यावर कधी धुकं असतं. असलं तर नशीब. सूर्य वर आला की वाईपासून जवळच असलेल्या मेणवलीला जायचं. नाना फडणवीसांचा वाडा तिथे आहे. तो खाजगी मालकीचा, तेव्हा आधी विचारून जा, चपला बाहेर काढा, भिंतींवरच्या जुन्या चित्रांवर फ्लॅश मारू नका. वाड्यात शिकायची गोष्ट एकच, पण मोठी: चौकातून आत येणारा उजेड. चौक उघडा, भोवतीची ओसरी छपराखाली. ओसरीच्या कडेला माणूस बसवला की एका गालावर उजेड येतो, दुसरा हळूहळू अंधारात जातो, आणि स्टुडिओतले महागडे दिवे जे करतात ते आयतं होतं. मात्र मोजमाप गालावरून घ्या, चौकाच्या उन्हावरून नको. सावलीतला उजेड निळसर असतो, म्हणून व्हाइट बॅलन्स शेडवर ठेवला तर कातडीचा रंग जागेवर येतो.

वाड्यामागच्या घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तिथून आणलेली ही पोर्तुगीज घंटा, आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती आहे. "स्वदेस" मध्ये हा घाट पाहिलेले लोक शाहरुखच्या पायऱ्या शोधतात. मी त्यांना घंटेपाशी थांबवते. उठावाच्या कामावर समोरून फ्लॅश मारा, आकृती नाहीशी होते, उरतो धातूवरचा एक पांढरा डाग. आता फ्लॅश बंद करा आणि कुणाला तरी मोबाइलची टॉर्च घंटेच्या अंगाला लागून, बाजूने तिरपी धरायला सांगा. उंचवट्यांच्या सावल्या पडतात आणि आकृती धातूतून वर येते. शनिवारी दुपारी कॅमेरे पिशवीत का ठेवायला लावले होते ते इथे सगळ्यांच्या लक्षात येतं. शटर लांबेल, तेव्हा कोपर अंगाशी टेकवा, श्वास सोडून बटण दाबा. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर हातात धरून १/५० पेक्षा खाली शक्यतो जाऊ नये; जावं लागलं तर तिपाई, नाही तर कठड्यावर ठेवलेली पिशवी.

दुपारी परतण्याआधी संगणकावरचं काम थोडं दाखवते, थोडंच. कॅमेऱ्यात रॉ फाइल घेत असाल तर तुमच्या हातात बरंच असतं: १४ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या, जेपेगमध्ये २५६. लाइटरूम विकत घ्यायलाच हवं असं नाही, डार्कटेबल फुकट मिळतं आणि उत्तम चालतं; मोबाइलवर स्नॅपसीड पुरे. आधी क्षितिज सरळ करा, मग कडा छाटा, मग उजेड. आणि शॅडोज नावाची जी पट्टी आहे ती उजवीकडे टोकापर्यंत ओढायचा मोह आवरा. हल्लीचे मोबाइल तर न विचारताच सगळ्या सावल्या उपसून उजळ करतात, त्यामुळे देवळाचा गाभारा ट्यूबलाइट लावल्यासारखा दिसतो. तसं झालं तर ती पट्टी उलटी, डावीकडे न्या. गाभाऱ्यात अंधार होता म्हणून तर समई लावली होती.

घरी गेल्यावर कार्ड त्याच रात्री उतरवा, दोन वेगळ्या जागी प्रती ठेवा, आणि मगच कॅमेऱ्यात कार्ड फॉरमॅट करा. या क्रमाबाबत मी फार कडक आहे, कारण एकदा क्रम चुकल्याने माझा पंढरीच्या वाटेवरचा एक पूर्ण दिवस गेला आहे. मग पुढच्या सोमवारपासून घरातली एक खिडकी निवडा. तिच्यापाशी एक स्टीलचं भांडं किंवा लिंबाची टोपली ठेवा, आणि आठवड्यातून एकदा, वेगवेगळ्या वेळी, एकच फोटो काढा. जानेवारी ते मार्च सूर्य सरकत जातो, सावली जागा बदलते, ते बारा फोटोंत दिसेल. मला पाठवायची गरज नाही. भिंतीवर ओळीने लावा आणि घरातल्या कुणालाही तोच प्रश्न विचारा, डोळा आधी कुठे गेला?

आणि घाटावरच्या काकांना फोटो देतो म्हणून शब्द दिला असेल तर तो मोबाइलवर पाठवून भागवू नका. चार बाय सहाची प्रिंट काढा, मागे तारीख आणि घाटाचं नाव लिहा, आणि पुढच्या वेळी वाईला जाल तेव्हा हातात द्या. काका सहसा त्याच पायरीवर असतात.